मनोहररावांची सही

मनोहर सबनीस माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं: "नमस्कार. तुमचा डावीकडचा ब्रेक लाइट लागत नाही." ओळख ना पाळख, आणि सुरुवात ही! मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन गाडीतून उतरत होते. समोर स्वेटर, कानटोपी आणि कडक इस्त्रीची पँट घातलेले, साठी उलटलेले एक गृहस्थ हात मागे बांधून उभे. फ्रीमाँटच्या ऑक्टोबरात कानटोपी घालणारा माणूस कालच विमानातून उतरलेला असतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"आपण कोण?" मी जरा तिखटच विचारलं.

"तुमच्या शेजारच्या हिमानीचा बाबा. काल आलो नागपूरहून. झोप येत नाही म्हणून पहाटेपासून गाड्या पाहून राहिलो. सकाळी ह्या आवारातून एकेचाळीस गाड्या बाहेर पडल्या. त्यातल्या सहांचे दिवे धड नाहीत."

मला आला राग. वीसहून जास्त वर्षं मी ह्या देशात गाडी चालवते आहे, एकदासुद्धा पोलिसाने थांबवलेलं नाही. हे कोण मला सांगणार? पण दुसऱ्या दिवशी मी गुपचूप बल्ब बदलून आणला. त्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि पुढे एक शब्दही काढला नाही. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं न म्हणणारा माणूस मी फार वर्षांनी बघत होते. तिथेच ते मला आवडले, आणि ही गोष्ट मी त्यांना कधी कळू दिली नाही.

मनोहरराव यवतमाळच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. मोटार इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून सत्ताविसाव्या वर्षी आरटीओत लागले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. आधी निरीक्षक, शेवटची काही वर्षं साहेब. लायसन्स द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस. आता आरटीओतला माणूस म्हटलं की आपल्याकडे लोक कसं हसतात ते मला ठाऊक आहे. मीही तशीच हसले होते. मनोहरराव रागावले नाहीत. "लोकांचं चूक नाही," एवढंच म्हणाले. नंतर हिमानीकडून कळलं की एजंट लोक त्यांच्या खिडकीसमोरून मान खाली घालून जात. एका आमदाराच्या पुतण्याला त्यांनी तीनदा नापास केलं होतं. त्याबद्दल त्यांची बदली झाली, तर नव्या गावी जाऊन तिथल्या मैदानावर त्यांनी पहिल्याच दिवशी चुन्याने इंग्रजी आठचा आकडा आखून घेतला. त्या आकड्यावरून गाडी न अडखळता फिरवली तर पास, नाही तर पुन्हा या. त्यांच्या लतिकाताई, म्हणजे हिमानीची आई, म्हणायच्या की दिवाळीत आमच्या दाराशी कुणी फिरकत नाही, फराळ आम्हालाच संपवावा लागतो. आमची भेट होण्याच्या वर्षभर आधी त्या गेल्या होत्या. म्हणूनच हिमानीने वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. परदेशी जाणाऱ्यांना आरटीओतून एक करड्या रंगाची पुस्तिका मिळते, आंतरराष्ट्रीय परवान्याची. आत कितीतरी भाषांत तोच एक मजकूर असतो आणि शेवटी फोटो, शिक्का, सही. साहेब झाल्यावर ती सही मनोहररावांची असे.

"वीणाताई," एकदा माझ्या ओट्याशी चहा पिताना ते म्हणाले, "बाकीच्या कागदांवरची माझी सही फार तर जिल्हाभर चालायची. ही समुद्रापार चालते. इथल्या पोलिसाने मला पाहिलं नाही, नागपूर कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. तरी तो पुस्तिका उघडून बघतो आणि म्हणतो, जा. इथलं लायसन्स कॅनडात चालते, तिथलं इथे चालते. कशाच्या भरवशावर? तिकडे कुणीतरी ह्या माणसाची खरी परीक्षा घेतली असेल, एवढ्याच."

"आणि घेतली नसेल तर?" मी सहज विचारलं. मला काय माहीत!

त्यांनी कप खाली ठेवला, "मग तो विश्वासघात झाला," म्हणाले आणि साखर थोडी कमी घालत जा असं सांगून उठून गेले.

ते स्वतःची पुस्तिकाही घेऊन आले होते. त्यांच्या हाताखाली शिकून साहेब झालेल्या माणसाने त्यावर सही केली होती. सॅन मटेओचा तो लांबच लांब पूल एकदा स्वतः गाडी चालवत ओलांडायचा, एवढी एकच इच्छा घेऊन ते अमेरिकेत आले होते. बाकी लास व्हेगस, डिस्नेलँड, कशाचं नाव नाही.

आता माझ्या आगाऊपणाकडे येते. दिवाळीनंतरच्या शनिवारी हिमानीकडे फराळाला दहा-बारा माणसं जमली होती. हिमानीचा नवरा ऋषी, सॅन होजेत चिपवाल्या कंपनीत काम करणारा, शंकरपाळ्यांचा डबा फिरवत होता. त्यांची पाच वर्षांची रेणू आजोबांच्या मांडीवर होती. आणि मनोहरराव कुणाला तरी सांगत होते, "आमची हिमानी आठ वर्षं इथे फ्रीवेवर गाडी चालवून राहिली. मी दर रविवारी फोनवर विचारतो, गाडी काय म्हणते? म्हणते, बाबा, मस्त."

माझ्या तोंडात चकली होती. ती तशीच ठेवून मी गप्प बसले असते तर हा सगळा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण मी बोलले. "हिमानी? आणि गाडी? अहो, तिला भाजीला, दवाखान्यात, देवळात मीच नेते-आणते ना आठ वर्षं!"

मनोहररावांना आधी ती थट्टा वाटली. ते हसले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. हिमानी हातात ट्रे घेऊन उभी होती आणि ट्रेवरच्या वाट्या एकमेकींवर वाजत होत्या. ऋषी घाईघाईने म्हणाला, "बाबा, तिला जरा... डोळ्यांचा प्रॉब्लेम यार... म्हणजे, सॉरी, बाबा." लोकांनी चहा संपवला आणि लवकर निघाले. मी घरी येऊन स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोहरराव माझ्या दारात. कानटोपी नव्हती, दाढी केलेली नव्हती. बसा म्हटलं तरी उभेच.

हिमानीने रात्री त्यांना सगळं सांगितलं होतं. दोन हजार सालच्या जानेवारीत ती नवी नवरी म्हणून इथे आली. दहाव्या दिवशी, ऋषी कामावर गेलेला असताना, वडिलांनी दिलेली करडी पुस्तिका पर्समध्ये टाकून तिने गाडी काढली. पुढच्या महिन्यात आमच्या शेजारी येण्याआधी ते राहत होते त्या अपार्टमेंटच्या आवारातच ब्रेक समजून तिने ॲक्सिलरेटर दाबला. समोरून एक चिनी आजी फिरायला निघाल्या होत्या. त्या बाजूच्या गवतावर जाऊन पडल्या, गाडी टपालाच्या पेट्यांवर आदळली आणि लोकांची पत्रं रस्ताभर झाली. आजींना काही लागलं नव्हतं. उलट त्यांनीच हिमानीच्या पाठीवरून हात फिरवला. पण त्यांची एक चप्पल रस्त्याच्या मध्ये राहिली होती, आणि स्टीअरिंगवर बसायचं म्हटलं की हिमानीला तीच दिसायची. नंतर ऋषीने दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. नवरा शिकवायला बसला की काय होतं ते सगळ्या बायकांना माहीत आहे. दोन्ही वेळा रडारड होऊन गाडी घरी आली. आणि वडिलांना दुःख होऊ नये म्हणून दर रविवारी फोनवर 'मस्त'.

"म्हणजे तिने तुम्हाला फसवलं असं वाटतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"तिने?" मनोहरराव म्हणाले. "वीणाताई, सही माझी आहे."

मग ते बसले आणि त्यांनी सांगितलं. लग्न डिसेंबरात ठरलं, नोंदणी आधी उरकली म्हणून लगेच व्हिसा आला, घरचा समारंभ झाला की लागलीच विमान. हिमानी महिनाभर गाडी शिकत होती, पण जेमतेम. परीक्षेचा दिवस त्यांनी स्वतःच नेमून दिला होता आणि त्याच दिवशी घरात मेंदी निघाली. ते ऑफिसातून तिला न्यायला आले तर पोरगी दोन्ही तळहात वर धरून बसलेली. लतिकाताई म्हणाल्या, अहो, ओली मेंदी आहे तिच्या हातांवर, ती काय चाक धरणार आहे? सगळ्या जगाची परीक्षा घेता, एक दिवस आपल्या लेकीचे बाप व्हा. मनोहरराव परत ऑफिसला गेले. 'चाचणी घेतली, उत्तीर्ण' असं लिहून त्यांनी लायसन्सवर सही केली, आणि त्याच्या आधारावर त्या करड्या पुस्तिकेवर दुसरी.

"एकतीस वर्षांत तेवढीच," ते म्हणाले. "आणि तीच समुद्रापार पाठवली. ती म्हातारी मेली असती तर माझ्या सहीने मेली असती."

त्यांनी खिशातून स्वतःची पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुमच्याकडे असू द्या. हिमानीचं लायसन्स खरं होईपर्यंत मी इथे गाडीला हात लावणार नाही." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, पण त्यांचा चेहरा बघून पुस्तिका निमूट मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली.

हे एवढ्यावर राहिलंही असतं. पण त्याच महिन्यात हिमानीचं वर्क परमिटचं कार्ड आलं. आठ वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसलेली, सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. बाई! कार्ड हातात आलं त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात नाचली होती. जानेवारीत लिव्हरमोरच्या पाणी तपासणाऱ्या एका लॅबने तिला घेतलं. चौदा एप्रिलपासून, सकाळी सहाची पाळी. त्या वेळेला तिथे पोचणारी बस नाही, ऋषीचं ऑफिस नेमकं उलट्या दिशेला. हिमानीने नकाराची ईमेल लिहून ठेवली आणि ती पाठवण्याआधी वडिलांना दाखवली.

मनोहररावांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "चौदा एप्रिल," ते म्हणाले. "माझं विमान दहाला. जमेल."

"बाबा, मला नाही जमणार."

"तुला कोण म्हणून राहिलं? मला जमेल."

लेखी परीक्षा हिमानी एका फटक्यात पास झाली. अभ्यासात ती पहिल्यापासून हुशार. शिकाऊ परवाना मिळाला आणि मग एक गंमत झाली. इथल्या नियमाप्रमाणे शिकाऊ माणसाच्या शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेलंच माणूस बसावं लागतं. मनोहररावांच्या लायसन्सवर त्यांना गाडी चालवता आली असती, शेजारी बसून शिकवता येत नव्हतं. एकतीस वर्षांचा परीक्षक मागच्या सीटवर, आणि पुढे कोण, तर मी!

"म्हणजे आता मी तुमची साहेब," मी म्हटलं.

"ब्रेक लाइट तपासला का, साहेब?" ते मागून म्हणाले.

रेणूची शाळा सुरू झाली की अकरा वाजता आम्ही निघायचो. पहिल्या दिवशी मनोहररावांनी गाडी सुरूच करू दिली नाही. "आज फक्त बसायचं." वीस मिनिटं आम्ही तिघं बंद गाडीत बसलो. हिमानीने स्टीअरिंग घट्ट धरलं होतं, ती मूठ सैल होईपर्यंत बसलो. तेवढ्या वेळात त्यांनी तिला लहानपणच्या गोष्टी विचारल्या, यवतमाळच्या आजीकडची मांजर, तिची पहिली सायकल. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. मी आतल्या आत चडफडत होते, कारण माझा स्वभाव तसा आहे. मला तीन दिवसांत फ्रीवे हवा होता. पण चौथ्या दिवशी आवारात ती दहा फूट गाडी पुढे घेऊन ब्रेक दाबून थांबली, आणि आपण थांबवली तर गाडी थांबते हे तिला बहुतेक आठ वर्षांत पहिल्यांदा पटलं. तिने वळून वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली, माझ्या बल्बच्या वेळी डोलावली होती तशीच.

शनिवारी चर्चचं पार्किंग रिकामं असायचं. तिथे त्यांनी रेणूच्या गुलाबी आणि निळ्या खडूंनी जमिनीवर भला मोठा आठ आखला. "आजोबा, दॅट्स अ स्नोमॅन," रेणू म्हणाली. "स्नोमॅन तर स्नोमॅन," आजोबा म्हणाले. फेब्रुवारी संपेपर्यंत हिमानी त्या स्नोमॅनवरून डोळे मिटूनही गाडी फिरवू शकली असती.

चार मार्चला डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, परीक्षा. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. पंधराव्या मिनिटालाच गाडी परत आली. शेजारी बसलेल्या परीक्षक बाई उतरल्या, कागद हिमानीच्या हातात दिला आणि आत गेल्या. नापास.

झालं होतं असं. मनोहररावांनी तिला आपल्या पद्धतीने शिकवलं होतं की वळणावर, पलीकडचं दिसत नसेल तिथे, हॉर्न द्यायचाच. नागपुरात हॉर्न न देणाऱ्याला ते हटकून नापास करत. हिमानीने एका कुंपणाच्या कोपऱ्यावर इमानेइतबारे हॉर्न दिला. इथे हॉर्न म्हणजे शिवी किंवा संकट. पुढे सायकलवरून एक म्हातारबुवा चालले होते, ते दचकले आणि सायकलीसकट फुटपाथवर चढले. पडले नाहीत, पण परीक्षा तिथेच संपली. माझी चूक म्हणाल तर मोठी. सरावात ती हॉर्न द्यायची तेव्हा मी शेजारीच बसलेली असायची. मीही ठाण्याची. मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं!

आम्ही पार्किंगमध्येच गाडीत बसून राहिलो. हिमानी स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडत होती.

"ही चूक माझी," मागून मनोहरराव म्हणाले. "तू दुसऱ्यांदा माझ्यापायी..."

हिमानीने झटक्यात मान वर केली. आरशातून बोलली, मागे वळली नाही. "मग पहिल्यांदा का केलंत तसं? सगळ्यांची परीक्षा घेतलीत. रिक्षावाल्यांची, आमदारांच्या पोरांची. माझी एकटीचीच नाही! मेंदी दोन तासांत वाळली होती, बाबा. मी वाट पाहून राहिले होते. मला वाटलं तुम्ही याल."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. दार उघडून उतरावं तर तेही बरं दिसेना.

मनोहररावांनी आरशातल्या तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मेंदीचं ते निमित्त. तू नापास होशील हे मला ठाऊक होतं. नापास झालीस तर मला ते तुझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि चार दिवसांनी तू जाणार होतीस. मला तुला हसत पाठवायचं होतं. मी भ्यालो, बेटा."

हिमानीने डोळे पुसले. बाहेर एक माणूस आमच्या जागेसाठी गाडी घेऊन थांबला होता. तिने त्याला हाताने थांबण्याची खूण केली, आरसा नीट केला, मागे पाहिलं आणि गाडी बाहेर काढली. घरी येईपर्यंत चारही बाजूंना 'स्टॉप' असलेल्या प्रत्येक चौकात ती पूर्ण थांबली.

त्या संध्याकाळपासून मनोहरराव विद्यार्थी झाले. डीएमव्हीचं पुस्तक लाल पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनानंतर माझ्याकडे येऊन म्हणाले, "वीणाताई, एकतीस वर्षं मी हॉर्न न देणाऱ्याला नापास केलं. हे लोक देणाऱ्याला करतात. दोघंही आपापल्या रस्त्यावर बरोबर आहेत. रस्ता न पाहता शिकवायला बसलो हे माझं चुकलं." असं मोकळेपणी म्हणणारे पुरुष मला आयुष्यात फार भेटलेले नाहीत. मी त्या दिवशी त्यांच्या चहात दोन चमचे साखर घातली आणि त्यांनी तक्रार केली नाही.

सत्तावीस मार्चला हिमानी पास झाली. परीक्षक बाई त्याच होत्या. ह्या वेळी त्यांनी कागद देताना हिमानीला हसून काहीतरी म्हटलं. ते काय होतं हे हिमानीला आजही आठवत नाही, कारण तिला तेव्हा काही ऐकूच येत नव्हतं.

मी घरी जाऊन वरच्या फळीवरून मनोहररावांची पुस्तिका काढली. हळदीचा पिवळा डाग पडला होता तिच्यावर. "घ्या. मुदत आहे अजून, दोन आठवडेही आहेत. पूल गाठा."

त्यांनी पुस्तिका पुसून खिशात घातली. "आता नको," म्हणाले. "आता मला तिच्या शेजारी बसता येते. आठ वर्षं लोकांना सांगत होतो, आता बसून पाहू द्या." आणि खरंच, ते दोन आठवडे ते तिच्या शेजारी बसून हिंडले. सुनोलचा चढ, लिव्हरमोरच्या वाटेवरची वळणं, लॅबपर्यंत जाऊन परत, पाच वेळा. अमेरिकेत त्यांनी स्वतः एक मैलही गाडी चालवली नाही.

दहा एप्रिलला दुपारचं विमान. ऋषी रजा घेतो म्हणाला होता, हिमानीने त्याला चक्क ऑफिसला पिटाळलं. मनोहरराव पुढे, मी मागे. निघताना त्यांनी विचारलं, "ती जुनी पुस्तिका आहे का गं अजून?" हिमानी आत गेली आणि पासपोर्टच्या पाकिटातून ती घेऊन आली. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

त्या दिवशी सॅन मटेओच्या पुलावर वारं होतं. दोन्हीकडे पाणी, आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ चाललेली. मनोहररावांच्या हातात एक कागद आणि ती लाल पेन्सिल. आरसे, टिक. अंतर, टिक. लेन बदलताना खांद्यावरून मागे पाहणं, टिक. मला मागून सगळं दिसत होतं. एके ठिकाणी त्यांनी टिक केली नाही. हिमानीने विचारलं, "काय चुकलं?"

"इंडिकेटर उशिरा दिला."

"एका सेकंदाने!"

"एका सेकंदाने," ते म्हणाले, आणि मी मागे बसून हसले, कारण बाप म्हणून ते एकदा चुकले होते आणि परीक्षक म्हणून आता मुळीच चुकणार नव्हते.

विमानतळावर निरोपाला वेळ कुठे असतो! गाड्यांमागे गाड्या, आणि शिट्टी घेतलेला पोलीस. सामान उतरवलं. मनोहररावांनी माझ्याकडे पेन मागितलं. गाडीच्या टपावर ती करडी पुस्तिका उघडली. आत तेवीस वर्षांच्या हिमानीचा फोटो, मोठाली कानातली घातलेला. खाली शिक्का आणि १९९९ची सही. त्यांनी सहीखालच्या मोकळ्या जागेत हळूहळू, वळणदार अक्षरात लिहिलं: 'दि. १० एप्रिल २००८. चाचणी घेतली. उत्तीर्ण.' आणि खाली पुन्हा सही केली. ती वरच्या सहीसारखी आली नाही.

ती पुस्तिका मुदत संपून सात वर्षं झालेली. जगातल्या कुठल्याच देशात ती आता चालणार नव्हती. हिमानीने ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला.

"रडायचं नाही," मनोहरराव म्हणाले. "रडून गाडी चालवणं नियमात बसत नाही. जा. तो पोलीस पाहून राहिला."

हिमानी वाकून त्यांच्या पाया पडली. पोलिसाने शिट्टी वाजवली. तिने डोळे पुसले, स्टीअरिंगवर बसली, पट्टा लावला. मी पुढे तिच्या शेजारी आले. आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे नजर, आणि आम्ही सावकाश गाड्यांच्या रांगेत शिरलो. मी मागे वळून पाहिलं. मनोहरराव सामानाच्या गाडीशी उभे होते, आत गेले नव्हते. ते आमच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत होते.

पुढे रस्ता डावीकडे वळत होता, पलीकडचं दिसत नव्हतं. तिथे हिमानीने छोटासा, एकच हॉर्न दिला. पोलीस खवळून आमच्याकडे बघू लागला. आणि त्याच्यामागे मनोहररावांनी हात वर केला आणि वळणाआड आम्ही दिसेनासे होईपर्यंत तो तसाच वर ठेवला.